अकरा मिनिटं

आधी राखीव, मग मुख्य, शेवटी बेटांवरचे धाकटे:
हा क्रम मार्युनने पेन्सिलीनं लिहून ठेवलाय
रॅकच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर.
खाली, दोनदा अधोरेखित:
घाई नको. कॉफी आधी प्या.

तिला निवृत्त होऊन चार वर्षं झाली.
आता डोंगरावर मेंढ्या मोजते. म्हणते, कामात फरक नाही,
फक्त मेंढ्यांची आवृत्ती बदलत नाही.

रात्रीचे दोन. तोर्शाव्हनमधलं तळघर.
बाहेर धुकं इतकं, की बंदराचे दिवे
कुणी ओल्या लोकरीत गुंडाळून ठेवल्यासारखे.
भिंतीवर नकाशा, अठरा बेटं, हिरवे ठिपके:
समुद्राखालच्या बोगद्यातले पंखे, पंप,
मासळीच्या कारखान्याचं शीतगृह,
एक दीपगृह,
दवाखान्याची लाइन.
सात वर्षं हे सॉफ्टवेअर डोळ्यात तेल घालून बसलंय
आणि आज मला त्याचे डोळे बदलायचेत,
ते पाहत असताना.

फोनवर ऐदुन, क्लाक्सविकहून, राखीव सर्व्हरपाशी.
राखीव, म्हणजे जो रोज बूट घालून तयार बसतो
आणि ज्याला कुणी हाक मारत नाही.
मुख्य बोलतो, हा उतरवून घेतो,
शब्द न् शब्द, तारीख, वेळ, सेकंद.

"जोडणी सोडवते आहे," मी म्हणाले.
"सुटली," तो म्हणाला.

मागच्या खेपेला, मी तेव्हा नवी होते,
मधली तार आपणहून तुटली
आणि दोघांनाही वाटलं, दुसरा गेला, आता मीच.
एका म्यानात दोन तलवारी.
पहाटेपर्यंत प्रत्येक धोक्याचे दोन-दोन निरोप,
वेळा वेगळ्या, कधी धोकेही वेगळे.
शेवटी मार्युननं एकाची वायर उपसली:
पहारेकरी आपसात भांडले
की चोराला उजेड त्यांच्याच कंदिलाचा.

राखीवावर नवी आवृत्ती चढली.
पहारा त्याच्याकडे दिला. त्यानं घेतला चाचपडत,
नव्या घरात माणूस अंधारात बटण शोधतो तसा.
आणि नकाशा राखाडी झाला.

लाल नाही. लालाला निदान काही सांगायचं असतं.
नव्याला धाकट्यांची जुनी बोली कळेना, एवढंच.
मुख्यही नवा करून घेतला. मग एकेका बेटाला
नवी बोली शिकवत गेले,
आणि एकेक ठिपका, कुरकुरत, हिरवा.
सुदुरॉय सोडून.

दक्षिणेचं शेवटचं बेट. बोगदा तिथवर पोचलेला नाही.
पुन्हा प्रयत्न. उत्तर नाही.
पुन्हा.
ऐदुनचा श्वास ऐकू येत होता, माझी कॉफी गार.

मग मी साध्या फोनवरून कारखान्याला फोन लावला.
रात्रपाळीचा तुम्मास. "शीतगृह चालू आहे का?"
त्यानं रिसीव्हर टेबलावर ठेवला.
पावलं. दार. बराच वेळ काहीच नाही.
परत पावलं.
"चालू आहे, गुणगुणतंय. उणे चोवीस.
काचेवर बर्फ होतं, अंगठ्यानं पुसून वाचलं."

"आणि दीपगृह?"
"धुकं आहे. दिसत नाही."
जरा थांबून:
"पण धुकं अधूनमधून उजळतंय."

मी ते कुठल्या रकान्यात भरू?

"तुमच्याकडे सगळं ठीक ना?" त्यानं विचारलं.
सात वर्षांत या तळघराला हे कुणी विचारलं नव्हतं.
मी हो म्हणाले. खरं होतं की नाही, ठाऊक नाही.

तीन वाजून बेचाळीस. सुदुरॉय हिरवं.
नोंदवहीत नव्या आवृत्तीनं स्वच्छ अक्षरात लिहिलं:
अकरा मिनिटं, माहिती उपलब्ध नाही.

रॅकचं दार लावण्याआधी
मार्युनच्या कागदावर, कॉफीच्या ओळीखाली,
मी पेन्सिलीनं तुम्मासचा नंबर लिहिला.